हेच ना तुझं ते गाव?

पुणे,
3 मार्च 2024

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

गेल्या वर्षी जानेवारीत तू घरच्या ग्रुपवर एक चित्र पाठवलं होतंस. उपग्रहावरून टिपलेलं, डोंगराच्या कुशीत वसलेलं एक गाव आणि त्याचा खचत चाललेला भाग दाखवणाऱ्या खुणा. खाली लिहिलं होतंस, "आई, हेच ना तुझं ते गाव?" मी त्यावर नुसता अंगठा दाखवला आणि फोन पालथा घालून कणीक मळायला बसले. तू पुन्हा विचारलं नाहीस, मीही विषय काढला नाही. तेरा महिने झाले. मागच्या आठवड्यात मी तिकडून परत आले, म्हणून आज नीट उत्तर लिहिते. फोनवर मला हे धड सांगता येणार नाही, मध्येच तुझी मीटिंग येते आणि मध्येच माझा कुकर.

हो, तेच माझं गाव. जोशीमठ. आणि त्याच्या डोक्यावर औली, स्कीइंगच्या उतारांची.

तुला कपाटातला तो एकच फोटो ठाऊक आहे. उसनं लाल जाकीट घातलेली, नाक सोललेली तुझी आई आणि मागे पांढराशुभ्र उतार. 1996 चा फेब्रुवारी होता. मी बावीस वर्षांची होते. आमच्या गिर्यारोहण मंडळाची नऊ जणं निघाली होती, त्यात आम्ही तिघी मुली. गढवाल मंडल विकास निगमचा चौदा दिवसांचा स्कीइंगचा कोर्स. त्याच्या फीसाठी मी दीड वर्ष शिकवण्या घेतल्या होत्या. आजोबांनी संमतीपत्रावर सही केली ती जेवणं झाल्यावर, चष्मा लावून, प्रत्येक ओळ दोनदा वाचून. आजीनं डिंकाचे लाडू बांधून दिले आणि स्टेशनवर यायचं मात्र टाळलं.

झेलम एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून रात्रीच्या बसनं ऋषिकेश आणि मग पहाटेच्या बसनं दिवसभर अलकनंदेच्या कडेकडेनं वर. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग. त्या वेळी तो सगळा भाग उत्तर प्रदेशातच होता. वेगळं राज्य व्हायला अजून चार वर्षं होती. भिंतींवर घोषणा रंगवलेल्या होत्या, "कोदा-झंगोरा खाएंगे, उत्तराखंड बनाएंगे". कोदा म्हणजे आपली नाचणी आणि झंगोरा म्हणजे भगरीच्या जातीचं धान्य. भाकरीच्या जोरावर राज्य मागणारी ती ओळ मला फार आवडली होती. बसच्या खिडकीतून मी ती वहीत उतरवून घेतली, ती वही अजून आहे.

जोशीमठला पोहोचलो तर रोपवे बंद. वारा फार होता आणि औलीचा रस्ता बर्फानं अडला होता. हिवाळ्यात गावातली बरीच लॉजं बंद असायची, कारण तिथला धंदा बद्रीनाथच्या यात्रेवर चालायचा आणि देवळाची दारं बंद झाली की यात्रेकरू नाहीत. रोपवेवरच्या एका माणसानं आम्हा मुलींना मनोहर बागेतल्या एका घरी नेलं. मनोहर बाग हे वस्तीचं नाव, रोपवेच्या खालच्या टोकाजवळची. दगडी घर, वर पाटीच्या दगडांचं छप्पर, खाली गोठा आणि गोठ्यावर राहायची खोली. जनावरांची ऊब फळ्यांमधून वर यायची. तसं उबदार मी त्या दोन आठवड्यांत पुन्हा कुठेच झोपले नाही.

घरची बाई तिशीतली. नवरा यात्रेच्या सहा महिन्यांत बद्रीनाथला दुकान लावायचा. दोन लहान मुलं. आम्ही तिला दीदी म्हणायला लागलो आणि ती मला भुली. गढवाली भाषेत भुली म्हणजे धाकटी बहीण. रात्री तिनं मडुव्याची, म्हणजे नाचणीचीच, रोटी आणि "गहत की दाल" वाढली. पहिला घास घेतला आणि मी ओरडलेच, "हे तर कुळीथ!" माझ्या आजोळी, रत्नागिरीला, कुळथाच्या पिठल्याशिवाय पावसाळ्यातला एक दिवस जायचा नाही. हजारो फुटांवर, बर्फात, समुद्राचं नावसुद्धा नाही अशा ठिकाणी माझ्या आजोळची चव ताटात आली होती. दीदीला रत्नागिरी कुठे ते कळलं नाही, पण तिनं दुसऱ्यांदा वाढलं.

त्याच रात्री तिनं मला नंदेची गोष्ट सांगितली. आपण ज्याला नंदादेवी शिखर म्हणतो, 7816 मीटरचं, ते तिच्या लेखी शिखर नव्हतंच. ती त्यांची "ध्याण". सासरी गेलेल्या लेकीला गढवालीत ध्याण म्हणतात. नंदा कैलासाला दिलेली, फार दूर, आणि माहेरच्यांना तिची सारखी आठवण येते. भाद्रपदातल्या नंदाष्टमीला तिचा सण. काही वर्षांच्या अंतरानं राजजात निघते, तिला सासरी पोहोचवायला. पुढे चार शिंगांचा मेंढा आणि मागे गावंच्या गावं, गाणी म्हणत, रडत. मी म्हटलं, आमच्याकडेही भाद्रपदात त्याच सुमाराला गौरी येतात. त्यासुद्धा माहेरवाशिणी. आम्ही त्यांना भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवतो आणि तिसऱ्या दिवशी पाठवणी करताना दहीभात बांधून देतो. दीदी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "तो फिर तू भी जानती है."

तिसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला. रोपवेच्या डब्यात आम्ही पंचवीसेक जणं उभे होतो. सुमारे चार किलोमीटरचा तो प्रवास, दहा टॉवर. प्रत्येक टॉवरपाशी डबा एकदा डोलायचा आणि सगळ्यांच्या पोटात गोळा यायचा. खाली दीदीचं छप्पर लहान होत गेलं, मग देवदारांचे शेंडे, मग नुसता बर्फ. आणि कुठल्याशा टॉवरनंतर ती दिसली, नंदा. मला तोपर्यंत शिखरं बघायची सवय होती, पण एखाद्या शिखराची गोष्ट आदल्या रात्री तिच्या माहेरच्या माणसाकडून ऐकून मग ते बघणं वेगळंच. मी हात जोडले. मंडळातली मुलं हसली नाहीत.

आता स्कीइंगचं सांगते, कारण त्यातलं तुला कळेल. तुमच्या कॅनडातल्या बान्फमध्ये तू खुर्चीत बसून माथ्यावर जातोस आणि दिवसातून वीस वेळा खाली येतोस, तुझे व्हिडिओ मी बघते. आम्हाला पहिले पाच दिवस लिफ्ट दिलीच नाही. पायांत ते जड प्लास्टिकचे बूट आणि स्की अशी की उभी केली तर वर केलेल्या हाताच्या मनगटाला टेकायची. ती पायांत असतानाच चढायचं, कधी आडवं एकेक पाऊल टाकत, कधी बदकासारखे चवडे बाहेर काढून. पन्नास फूट चढायला अर्धा तास आणि खाली यायला सहा सेकंद. आमच्या शिक्षकांना सगळे उस्ताद म्हणत. कोणी कुरकुरलं की ते एकच वाक्य म्हणायचे, "जितना चढ़ोगे, उतना ही फिसलोगे." थांबणं आधी शिकवलं. टाचा बाहेर, चवडे आत, गुडघे वाकलेले, स्कींचा पुढे निमुळता होत जाणारा पाचरीसारखा आकार. मग पडणं शिकवलं. बाजूला पडायचं, डोंगराच्या अंगाला, आणि उठताना स्की उताराला आडव्या करून घ्यायच्या, नाहीतर उठता उठता घसरत जाशील. मग वळणं. वळताना खालच्या पायावर भार द्यायचा, ही गोष्ट शरीराला पटता पटत नाही. मन म्हणतं डोंगराकडे झुक, आणि डोंगराकडे झुकलं की हमखास पडायला होतं. उताराकडे तोंड करून दरीच्या बाजूला भार टाकला की स्की आपोआप ऐकते.

बाराव्या दिवशी उस्तादांनी मला दहा नंबर टॉवरपासून खाली निगमच्या झोपड्यांपर्यंत एकटीला सोडलं. रात्री ताजा बर्फ पडला होता. त्याचा आवाज तुला ठाऊक असेल, कोऱ्या सुती कापडात कात्री चालावी तसा. डावीकडे देवदारांची रांग, समोर हाथी पर्वत, घोडी पर्वत, द्रोणागिरी. मी आठ-नऊ वळणं घेतली असतील. त्यातल्या एकाही वळणाचा विचार केला नाही. खाली येऊन थांबले तेव्हा तोंडावरून पाणी वाहत होतं, त्यातलं वाऱ्याचं किती आणि माझं किती, कोण जाणे. त्यानंतर नोकरी, लग्न, तुझा जन्म, सगळं झालं, सुख पुष्कळ मिळालं. पण शरीर आणि मन दोन्ही एका जागी होती अशी ती तीन-चार मिनिटं मी अठ्ठावीस वर्षं जवळ ठेवली आहेत. बँकेच्या रांगेत, तुझ्या आजीच्या उशाशी, लोकलमध्ये उभ्यानं, कुठेही डोळे मिटले की मला तो उतार यायचा.

परतताना दीदीला सांगितलं, "अगले साल आऊँगी." ती म्हणाली, "आना."

पुढचं तुला ठाऊक आहे. पुढच्या वर्षी लग्न, ऑक्टोबर 98 ला तू. कोणी मला अडवलं नाही, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. बाबांनी तर एकदोनदा विचारलंही. मीच मागितलं नाही. आधी तू लहान होतास, मग आजी अंथरुणाला खिळल्या, मग तुझी बारावी आली, आणि मग कारण लागेनासं झालं.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही. 29 मार्च 1999 ला चमोलीत भूकंप झाला. तू पाच महिन्यांचा होतास. जोशीमठ त्याच जिल्ह्यात. मी पेपर वाचला आणि एक पोस्टकार्ड टाकलं, पत्ता नुसता नाव, मनोहर बाग, जोशीमठ, जि. चमोली. पोहोचेल अशी आशा नव्हती. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात लिहवून घेतलेलं. सगळे सुखरूप आहेत, एका भिंतीला चीर गेली आहे, मुलं शाळेत जातात, आणि शेवटी "भुली कब आएगी". त्या पत्राला मी उत्तर लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू करत ते कार्ड आधी फडताळात, मग पेटीत गेलं. तुझं उपग्रहाचं चित्र आलं तेव्हा मला ते कार्ड आठवलं, म्हणून मी फोन पालथा घातला.

चित्रासोबतचा आकडा तुला आठवतो? 27 डिसेंबर 2022 ते 8 जानेवारी 2023, बारा दिवसांत 5.4 सेंटिमीटर. इस्रोचा आकडा. मी त्या रात्री पट्टी घेऊन मोजलं. माझा अंगठा जवळजवळ तेवढाच आहे. एवढं अंतर एखादं गाव बारा दिवसांत खाली गेलं तर आत स्वयंपाकघरात काय होत असेल, याचा विचार करत मी बसले होते. टीव्हीवर भेगा दिसत होत्या, घरांवर लाल फुल्या मारलेल्या दिसत होत्या. एक गल्ली ओळखीची वाटली आणि मी चॅनेल बदललं.

मग मी वाचायला लागले, वर्षभर वाचत होते. हे गाव मूळ खडकावर नाहीच. जुन्या भूस्खलनाच्या मलब्यावर, दगड-माती-वाळूच्या ढिगावर ते वसलं आहे. सरकारनंच नेमलेल्या मिश्रा समितीनं 1976 मध्ये हे लिहून दिलं होतं. इथे जड बांधकाम नको, सुरुंग नकोत, उतारावरचे मोठे धोंडे हलवू नका, झाडं लावा, सांडपाण्याची सोय करा. मी तेव्हा दोन वर्षांची होते. त्यानंतरच्या काळात तिथे मजल्यावर मजले चढले, खाली धौलीगंगेच्या अंगाला वीजप्रकल्पाचा बोगदा खणला गेला, रस्ते रुंद झाले. खचण्याला नेमकं काय कारण, यावर अजून वाद आहेत. गावातल्या माणसांचं बोट बोगद्याकडे जातं. मुरलेल्या सांडपाण्याचं कारण तर समितीनं तेव्हाच सांगितलं होतं. मला एवढंच कळतं की सांगून ठेवलं होतं.

आणि 1996 मध्ये त्या गावाच्या माथ्यावर स्कीइंग करताना मी हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता की हे सगळं कशावर उभं आहे.

दिवाळीत बाबांना म्हटलं, मला जायचंय. ते म्हणाले, "गुडघे दाखवून घे आणि जा." डॉक्टरांनी परवानगी दिली. दोन महिने रोज पर्वती चढले. डिसेंबर-जानेवारी डोंगर कोरडे होते, बर्फाचा पत्ता नव्हता. फेब्रुवारी उजाडता उजाडता पडला एकदाचा. मी सात दिवसांच्या कोर्सला नाव घातलं आणि दोन दिवस आधी निघाले.

रस्ता ओळखू आला नाही. ऋषिकेशपासून वर डोंगर कापून काढलेत. कापलेल्या अंगाची माती ओली, उघडी आणि खाली नदीपर्यंत सांडलेली. कर्णप्रयागपर्यंत रेल्वेचे बोगदे चालले आहेत. आमचा जीपवाला रुंद रस्त्याचं कौतुक करत होता आणि ते खरंही आहे. आजारी माणसाला खाली आणायला पूर्वी लागायचा त्याहून कमी वेळ लागतो. त्याच दमात तो प्रत्येक वळणावर सांगत होता, हे पावसाळ्यात आलं, हे मागच्या पावसाळ्यात आलं.

जोशीमठला उतरले आणि पाय आपोआप मनोहर बागेकडे वळले. रोपवे जानेवारी 2023 पासून बंद आहे. तारा तशाच ताणलेल्या, डबा नाही. बाजारात दोन झुकलेली हॉटेलं पाडली, ती जागा मोकळी. 800 हून अधिक इमारतींना तडे गेले होते, हा आकडा वाचून मला सगळं गाव ओसाड असेल असं वाटलं होतं. तसं नाही. दुकानं उघडी, शाळा सुटलेली, मुलं धावत होती. आणि मध्येच एखादं घर दार उघडं टाकून रिकामं, जिन्याच्या पायऱ्या भिंतीपासून सुटलेल्या, वीतभर फटीतून गवत आलेलं.

दीदीचं दगडी घर उभं होतं. त्याला लागून मुलानं 2010 च्या सुमारास बांधलेली दुमजली सिमेंटची इमारत, यात्रेकरूंसाठी चार खोल्यांची. लाल फुली तिच्यावर होती. अंगणात एक बाई पाठमोरी बसून गाईला चारा घालत होती. मी "दीदी" म्हटलं. ती वळली. ओळख पटायला मला वेळ लागला आणि तिला लागला नाही. म्हणाली, "भुली. अगला साल आ गया?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, बाळा. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

कुटुंब आता रविग्रामला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. थोरला मुलगा टॅक्सी चालवतो, धाकटी डेहराडूनला दिलेली. दीदी रोज सकाळी चालत मनोहर बागेत येते, कारण गाय भाड्याच्या जागेत नेता येत नाही आणि अंगणातली मेथी-राई सोडवत नाही. अंधाराच्या आत परत जाते. आम्ही त्या अंगणात बसलो. तिनं सगळं सांगितलं ते दारापासून. 2022 च्या दिवाळीत वरच्या खोलीचं दार लागेना. सुताराला बोलावलं, त्यानं रंधा मारून दिला. आठ दिवसांनी पुन्हा लागेना. पुन्हा रंधा. तिसऱ्यांदा सुतार म्हणाला, काकी, दार बरोबर आहे, चौकट हलतेय. मग भिंतीला केसाएवढी रेघ, मग बोट जाईल एवढी. जानेवारीच्या सुरुवातीला एका रात्री मोठा आवाज झाला आणि सकाळी खाली मारवाडी भागात जमिनीतून गढूळ पाणी उसळत असल्याची बातमी आली. मग माणसं आली, मोजमाप झालं, फुली मारली. तिनं फुलीवरून हात फिरवून दाखवला. रंग अजून हाताला लागतो की काय, असं तिनं तळहात बघितला.

दगडी घर तेवढं शाबूत का राहिलं हे तिनं मला विचारलं, जणू मी इंजिनिअर. मी म्हटलं, हलकं असेल, दगड एकमेकांवर नुसते बसवलेले, थोडे हलून पुन्हा बसत असतील. ती म्हणाली, "हाँ, वो बैठना जानता है." तू स्थापत्य शिकलास, मला नीट समजावून सांग.

दुसऱ्या दिवशी ती मला नृसिंहाच्या देवळात घेऊन गेली. थंडीत बद्रीनाथ बंद असतं तेव्हा शंकराचार्यांची गादी तिथे येते. मूर्तीचं एक मनगट झिजत चाललंय, ते तुटेल त्या दिवशी जय आणि विजय हे डोंगर एक होतील, बद्रीनाथची वाट बंद होईल आणि देव भविष्यबद्रीला जाईल, अशी तिथली श्रद्धा. हे सांगताना ती जराही घाबरलेली नव्हती. देव गेला तर कुठे जाईल हे ठरलेलं आहे, पत्ता आहे. तिच्या स्वतःच्या पत्त्याचं मात्र अजून ठरायचंय. भरपाई काहींनी घेतली, काही थांबलेत. पैसे घराचे मिळतात, जमिनीचं काय आणि गाईचं काय, हे तिचे दोन प्रश्न.

मग मी वर गेले, टॅक्सीनं, चौदा-पंधरा किलोमीटरची वळणं. दीदीचाच मुलगा घेऊन गेला. औलीला गर्दी, एका दिवसासाठी आलेली. भाड्याचे गमबूट, फोटो, मॅगी, आणि संध्याकाळी परत. उतारावर बर्फ होता पण पातळ, खालच्या टप्प्यात पिवळं गवत वर आलेलं. उताराचं तोंड उत्तरेकडे, म्हणून तेवढा तरी टिकतो. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी कृत्रिम तळं केलं, बर्फ फवारणारी यंत्रं आणली. ती कडेला उभी होती. हवा पुरेशी गार झाल्याशिवाय त्यांचाही उपयोग नसतो.

आमचा उस्ताद तुझ्याहून लहान, जवळच्याच गावचा. पहिल्या दिवशी मला आंटी म्हणत होता. आताच्या स्की माझ्या हनुवटीएवढ्या, मध्ये बारीक, टोकांना रुंद. नुसती कड टेकली की वळतात. माझ्या पायांना लांब स्कीची ओढ होती. पहिले दोन दिवस मी वेळेआधी वळत होते आणि पडत होते, आणि पडताना डोंगराच्याच अंगाला पडत होते. तेवढं अंगात राहिलं होतं. तिसऱ्या दिवशी गुडघे सुजले, मी बर्फानंच शेकले. पाचव्या दिवशी जमलं. सहाव्या दिवशी त्यानं मला वरून सोडलं.

तुला वाटेल, आता आई सांगणार की तो उतार तसाच होता. नव्हता. बर्फ सकाळचा गोठलेला, आवाज कापडाचा नव्हे, पत्र्यावर खडे घासावेत तसा. मी सावकाश उतरले, लांब आडवी जात, सोळा-सतरा वळणं. आणि यावेळी मला सारखं खाली दिसत होतं. खोऱ्यात जोशीमठ, त्यात मी मनोहर बाग शोधत होते. रोपवेच्या खालच्या टॉवरवरून ती जागा सापडली, छप्पर नाही सापडलं. 96 मध्ये मी एकदाही खाली पाहिलं नव्हतं. मी वरच बघत होते, शिखरांकडे. नंदा होती तिथेच, दुपारच्या ढगात अर्धी झाकलेली.

परतीच्या आदल्या रात्री रविग्रामच्या त्या खोलीत जेवले. सूनबाईनं गहत केलं होतं. मी दीदीला ते 1999 चं कार्ड दाखवलं. पेटीतून शोधून बरोबर नेलं होतं. तिनं हातात घेतलं, वाचता येत नाही म्हणून नातीकडे दिलं. नातीनं मोठ्यानं वाचलं. "भुली कब आएगी" पाशी सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी माफी मागितली. दीदी म्हणाली, ध्याण उशिरा आली म्हणून कोणी दार लावतं का? निघताना तिनं कुळथाची पुरचुंडी बांधून दिली.

आता तुझ्याशी बोलायचं ते. तू म्हणतोस, आई, पुढच्या हिवाळ्यात कॅलगरीला ये, तुला बान्फला नेतो. येईन, नक्की येईन. पण त्याआधी तू माझ्याबरोबर औलीला चल. मी खूप विचार केला यावर. आपण गेलो तर त्या डोंगरावर आपलं ओझं, आणि कोणीच गेलं नाही तर टॅक्सी, उस्ताद, खोल्या भाड्यानं देणारे, सगळ्यांचा हिवाळा उपाशी. दीदीच्या मुलाला मी हेच विचारलं. तो म्हणाला, या, पण राहा. सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांच्या गाड्या तेवढ्या वाढतात. म्हणून चौदा दिवसांचा कोर्स करू या, मी पन्नाशीत आणि तू पंचविशीत, एकाच तुकडीत. आधी दोन दिवस जोशीमठला, रविग्रामजवळ एका घरात खोली मिळते, मी बघून ठेवली आहे. एक दिवस वर बांज-देवदाराच्या रानातून गोरसोंच्या बुग्यालावर, म्हणजे उंचावरच्या कुरणावर, चालत जाऊ. आणि शक्य झालं तर रैणीला. 1974 मध्ये गौरादेवी आणि गावातल्या बायकांनी झाडांना मिठ्या मारल्या ते रैणी, आणि 7 फेब्रुवारी 2021 ला ऋषिगंगेचा लोंढा ज्याच्या उशाखालून गेला तेही तेच. दोनशेहून अधिक माणसं गेली त्या दिवशी. माझा जन्म 74 चा, मला एकदा तिथे उभं राहायचंय.

बर्फ पडेल का, ठाऊक नाही. बर्फाअभावी तिथल्या राष्ट्रीय स्पर्धाच पुढे ढकलाव्या लागल्या आहेत, एकदा नव्हे. नाही पडला तर चालू. गाईचा चारा वर चढवायला दीदीला माणूस हवाच असतो.

जानेवारीच्या अखेरीपासून तीन आठवड्यांची रजा टाक. आताच टाक, नंतर विसरशील. बुटांसाठी पायाची लांबी कळव. टाच भिंतीला टेकवून अंगठ्याच्या टोकापर्यंत, सेंटिमीटरमध्ये, दोन्ही पायांची. तुझा उजवा पाय किंचित मोठा आहे, लहानपणापासून, त्याचंच माप धर. जाड लोकरी मोजे इथून मी आणते. बाबांना यायचंय असं ते म्हणत नाहीत, पण काल पर्वती चढून आले.

दीदीनं विचारलंय, मुलगा गहत खातो का. मी हो म्हणून सांगितलंय.

तुझी,
आई